भोंग्याची पाठ

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळी अकराला बोलावलेली ग्रामसभा दुपारी एकला सुरू झाली. मंजूर रक्कम रुपये तीनशे पन्नास. उपस्थित माणसं एकोणीस, रजिस्टरातल्या सह्या एकशे चार. एकोणिसांत सरपंच आबासाहेब, ग्रामसेवक, रऊफभाई वेल्डर, माझे बाबा आणि बाबांची छत्री सांभाळत बसलेली मी. मला धरायचं नसेल तर अठरा. विषय एकच होता. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर सरकारनं बसवलेला भोंगा गोल फिरतो, तो फिरू नये म्हणून त्याला वेल्डिंग करून टाकणे. तो फिरावा म्हणून सरकारला किती खर्च आला होता तो आकडा माझ्याकडे नाही, आणि नसलेला आकडा मी लिहीत नाही. तीनशे पन्नासहून जास्त होता एवढं खात्रीनं सांगते.

गावाचं नावही लिहीत नाही, कारण ग्रामपंचायत अजून आहे आणि सह्या करणारेही बरेच आहेत. दारव्ह्याहून काळीपिवळी जीपनं गेलं की तासाभरानं लागतं. जीपमध्ये चौदा माणसं भरेपर्यंत ती सुटत नाही, तो वेळ वेगळा. गाव उतारावर वसलेलं. वर बाजार, शाळा, ग्रामपंचायत आणि आबासाहेबांचा दोन मजली बंगला. खाली नाल्याच्या काठानं आमची वस्ती, पंचशील झेंडा लावलेली, चाळीस घरांची. गावाच्या वरच्या अंगाला तलाव. तलाव भरून सांडला की ते पाणी नाल्यानं थेट आमच्याकडे यायचं, म्हणजे गावात सगळ्यात आधी काही पोचत असेल तर ते पाणी. वीज, नळ आणि रस्ता मागून आले. सरकारनं भोंगा दिला तो या पाण्यासाठी. तलावावरच्या चौकीदारानं फोन करायचा, ग्रामपंचायतीच्या शिपायानं बटण दाबायचं, भोंग्यानं ओरडायचं आणि आम्ही पोरंबाळं घेऊन शाळेच्या टेकाडावर जायचं. योजना चांगली होती. तिच्यात एकच उणीव होती, की ती आमच्या गावात राबवायची होती.

भोंगा बसवायला नागपूरहून एक इंजिनिअर आले, तेव्हा अर्धं गाव गच्चीवर आणि अर्धं खाली होतं. मी गच्चीवरच्या अर्ध्यात होते. भोंगा म्हणजे मी शाळेवरच्या लाउडस्पीकरसारखं काहीतरी समजत होते. हे प्रकरण निराळंच निघालं. खाली पिंपाएवढं लोखंडी धूड, आणि वर आडवा कर्णा, ज्याच्या तोंडात एक बकरी निवांत बसली असती. साहेबांनी झाकण काढून दाखवलं. आत दोन पिंपं, एकात एक. दोन्हींना उभ्या खिडक्या कापलेल्या. बाहेरचं पिंप जागच्या जागी, आतलं मोटरीवर गरगर फिरणारं. खिडकीसमोर खिडकी आली की हवा भस्सकन बाहेर पडायची, भिंत आली की तुटायची. हवेचे असे सेकंदाला शेकडो तुकडे पडले की त्याचा आवाज होतो. सायकलच्या चाकात पत्त्याचा पुठ्ठा अडकवून आम्ही मोटरसायकल करायचो, तीच विद्या. फक्त पुठ्ठ्याच्या जागी हवा. म्हणूनच तो सुरू होताना गायीसारखा हंबरायचा आणि मोटरीनं वेग घेतला की आवाज वर चढत चढत जायचा. आणि कर्णा सगळा आवाज एकाच दिशेला लांबवर फेकतो, म्हणून त्याला फिरवायला वेगळी छोटी मोटर आणि दातेरी चाकं. चारी दिशांना चार भोंगे घेण्यापेक्षा एकच दांडगा भोंगा फिरता ठेवायचा, म्हणजे प्रत्येकाच्या दाराशी त्याचं तोंड येतं, पुढे जातं आणि पुन्हा येतं. साहेबांनी हे सगळं पाच मिनिटांत हिंदीतून सांगितलं, इंग्रजीतली पुस्तिका ग्रामसेवकाच्या हातात दिली, चहा घेतला आणि गेले. पुस्तिका कपाटात गेली. कपाटाची किल्ली पुढे हरवली.

परवा माझ्या मुलीनं फोनवर वाचून सांगितलं की या यंत्राचं 'सायरन' हे इंग्रजी नाव दोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसानं ठेवलं. ते पाण्याखालीसुद्धा वाजायचं, म्हणून त्यानं जुन्या ग्रीक गोष्टींतल्या गाणाऱ्या बायकांचं नाव त्याला दिलं. त्या गोड गाऊन खलाशांना खडकाकडे ओढायच्या आणि बुडवायच्या. म्हणजे वाचवणाऱ्या यंत्राला बुडवणाऱ्यांचं नाव. मुलीला हे फार विचित्र वाटलं. मला वाटलं नाही. मी तेव्हा गावात राहत होते.

आमच्या घरात माणसं चार. बाबा धान्याच्या अडतीवर काट्यावर होते; पोती मोजायची, वजनं लावायची, आकडा मोठ्यानं पुकारायचा. त्यांचा आकडा शेतकरी आणि व्यापारी दोघंही मानायचे, आणि दोघांनाही तो आवडायचा नाही. माय घर आणि दोन बकऱ्या सांभाळून निंदणाला जायची. चौथी चंद्रा आत्या, बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेली. घरातला आवाज म्हणजे आत्या. पहाटे ज्वारीची भाकर थापल्याचा थप थप, त्यावर आत्याचं बोलणं, आणि मग खलबत्त्यात जवसाची चटणी. ती चटणी आत्याची खासगी मालमत्ता होती. जवस भाजायचं तिनं, कुटायचं तिनं, लसूण किती ते ठरवायचं तिनं. अंबाडीची भाजी असो की नुसतं वरण, ताटाच्या कडेला तिची चिमूट पडल्याशिवाय जेवण सुरू व्हायचं नाही. जवसाचा पत्र्याचा डबा ती उशाशी ठेवून झोपायची.

आणि घरात एक गोष्ट नव्हती, तीही सांगायला हवी: डफडं. बाबांचे वडील एके काळी गावाची दवंडी द्यायचे. साथ आली, पाणी आलं, साहेब आला, काहीही सांगायचं असलं की त्यांना बोलावणं यायचं. ते गळ्यात डफडं अडकवून चौकाचौकात उभे राहायचे, वाजवायचे, ओरडायचे, पुढे जायचे. मोबदला म्हणजे भाकरीचे तुकडे, तेही वरून टाकलेले. नागपूरला दीक्षा घेऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी डफडं विहिरीत टाकलं. आत्या तेव्हा लहान होती, पण तो डुबुक आवाज तिला आठवायचा, आणि आठवला नाही तरी ती तो काढून दाखवायची. तेव्हापासून आमच्या घरात कोणी ताटसुद्धा वाजवलं नाही. लग्नात बँडवाला समोर आला की बाबा हात मागे बांधून उभे राहायचे. गावानं मात्र दवंडीची दुसरी सोय केली नाही. आज ना उद्या हे लोक परत येतील, असं गावाला वाटत होतं. म्हणून मी म्हणते, आजोबांनंतर गावभर फिरून सगळ्यांना सारखं सांगणारं जे पहिलं आलं, तो हा भोंगा. त्याला भाकर घालावी लागत नव्हती आणि तो कोणाच्या दाराशी थांबताना जात विचारत नव्हता.

पहिल्या चाचणीलाच तक्रारी आल्या. आवाज मोठा होतो, मग बारीक होतो, मग परत मोठा होतो. "मशीन खराब हाय," असं बाजारातल्या चहावाल्यानं जाहीर केलं. तो रेडिओ दुरुस्त करायचा, म्हणून त्याचं म्हणणं तांत्रिक समजलं गेलं. प्रत्येक आळीला वाटू लागलं की दुसऱ्या आळीला जास्त आवाज जातो. आपल्याकडे तोंड येतं ते कोणी धरेना. पाठ होते तेवढी सगळे धरत. मारुतीच्या पारावर म्हणायचे, "आमच्याकडे आला का लगेच फिरते." ग्रामसेवकाच्या सासूची म्हैस आटली, तीही भोंग्यानं. पण खरा घात पंधरा ऑगस्टला झाला. झेंडा चढला, आबासाहेब भाषणाला उभे राहिले, "माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो" एवढं म्हणाले, आणि शिपायानं मानवंदना म्हणून बटण दाबलं. भोंगा सावकाश फिरला, आबासाहेबांसमोर आला, पूर्ण ताकदीनं त्यांच्या तोंडावर ओरडला, आणि साऱ्या गावादेखत त्यांना पाठ दाखवून निघून गेला.

आता परत ग्रामसभेत येते. आबासाहेबांनी विषय मांडला, "सरकारी वस्तूनं येका जागी शिस्तीत उभं राहावं का नाही? पोलीस काय गोल फिरते का?"

बाबा उठले. "आबासाहेब, ते फिरण्यासाठीच बनोलं हाय. तराजू दोन्हीकडं झुकते, म्हणून तराजू खराब असते का?"

"गुलाब, तू काट्यावर माप कर. मशीनचं मशीनवाले पाह्यतीन."

"मशीनवाले सांगून गेले ना. पुस्तक हाय कपाटात."

"कपाटाची चाबी नाही," ग्रामसेवक म्हणाले. हा मुद्दा निर्णायक ठरला.

मग तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं यावर दीड तास गेला. पारावरच्यांना पार हवा होता, चहावाल्याला हॉटेल. बाबा म्हणाले, बांधायचंच असेल तर नाल्याकडे बांधा, पाणी तिकडे येतं. त्यावर आबासाहेब हसून म्हणाले, "अरे, पाणी तुमच्या दारात येते. तुमाले सांगायची काय गरज? तुमाले तर पह्यलेच दिसते!" लोक हसले. एकोणिसांतले बरेच. शेवटी ठरलं की बाजाराकडे ठेवावं, कारण तिथे लोकसंख्या जास्त. बाजार आठवड्यातून एकदा, गुरुवारी, भरायचा. उरलेले सहा दिवस तिथली लोकसंख्या म्हणजे कुत्री. बाजाराच्या रेषेत आबासाहेबांचा बंगला होता हा योगायोग. ठराव सर्वानुमते लिहिला. बाबांनी हरकत घेतली तेव्हा ग्रामसेवकांनी खाडाखोड न करता पुढे जोडलं, "एक वगळता सर्वानुमते." बाबा म्हणाले, बाकीच्या पंच्याऐंशी सह्यांची माणसंही वगळा, ती आलेली नाहीत. ते जोडलं नाही.

रऊफभाईंनी त्याच संध्याकाळी काम केलं. ते नांगराचे फाळ आणि बैलगाडीच्या धावा जोडणारे साधे माणूस. भोंग्यातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि तसं त्यांनी सांगितलंही. "मले बोल्ले चिपकव, म्या चिपकवलं," एवढंच. पण त्यांचं काम पक्कं असायचं. कर्ण्याचं बूड चार जागी असं जोडलं, की बाजूनं ट्रॅक्टर लावला असता तर इमारत हलली असती, कर्णा नाही. फिरवायच्या मोटरीची वायरही सोडवून ठेवली.

स्थिर झालेला भोंगा गावाला एकदम आवडला. इतका आवडला की तो रोज वाजू लागला. आधी ग्रामपंचायतीच्या वेळेला, दहाला आणि पाचला. मग बाजारातली घड्याळं त्यावर लागू लागली. मग शाळेनं आपली घंटा त्याला जोडून घेतली. मुख्याध्यापकांचं म्हणणं, "भोंगा सरकारी आहे, घड्याळ माझ्या सासऱ्यानं दिलेलं." बाजारात बोललेलं ऐकू येत नसे एवढा तो वाजायचा, आणि आमच्या वस्तीत, पाठीमागे, त्याचा आवाज मच्छरदाणीबाहेरच्या डासाएवढा. आत्या म्हणायची, "त्या मशीनले बिचाऱ्याले जातपात समजत नव्हती. म्हणून वेल्डिंग करून समजावून सांगतली."

काही आठवड्यांनंतरचा एक गुरुवार. सकाळपासून पावसानं धरलं होतं, तरी बाजार भरला होता. मुगाची आवक होती. मी शाळेत होते, नववीच्या वर्गात, खिडकीशी. भोंगा वाजला. आमच्या मास्तरांनी फळा पुसला. शिपायानं घंटा दिली. पोरांनी आरोळी ठोकली आणि दप्तरं उचलली. मी मास्तरांच्या मनगटाकडे पाहिलं. तीन वाजायला आले होते. मी तसं म्हणालेसुद्धा. मास्तर म्हणाले, "अगं, भोंगा झाला ना?" आणि घड्याळाची किल्ली फिरवून त्यांनी काटे पाचावर आणून ठेवले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतरच्या आयुष्यात मी तहसिलीत, बँकेत आणि वीज मंडळात बऱ्याच रांगा लावल्या, पण सत्यावर एवढा सहज हात फिरवणारा माणूस दुसरा बघितला नाही.

भोंगा थांबत नव्हता. वेळेचा भोंगा एक दम घेऊन बंद व्हायचा. हा दम संपला की पुन्हा चढत होता. बाजारातून पळताना मला दिसलं की कापडवाल्यानं गल्ला मोजायला घेतला आहे, चहावाला भांडी आवरतो आहे, आणि कोणीतरी म्हणतंय, "आज लवकर पाच वाजले." आबासाहेब बंगल्याच्या ओट्यावर कानात बोटं घालून उभे होते आणि शिपायाला हातवारे करून सांगत होते, पुरे, पुरे. शिपाई मात्र बटण सोडत नव्हता. तलावावरून फोन आला होता हे गावात त्याला एकट्याला माहीत होतं, आणि आपण ते सगळ्या गावाला सांगतो आहोत अशी त्याची समजूत होती.

बाबा काट्यावर होते. पोतं तराजूत लटकलेलं. मी म्हटलं, "बाबा, तीन वाजले फक्त. पाण्याचा हाय."

बाबांनी एकदा भोंग्याकडे पाहिलं. त्याची पाठ आमच्या वस्तीकडे होती, आणि मधे पावसाचा पडदा. खाली सगळी घरं पत्र्याची. पत्र्यावर पाऊस पडत असला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. घरात माय होती, आत्या होती. बाबांनी तराजूतून पोतं उतरवलं नाही, आकडा पुकारला नाही. माझ्या माहितीत त्यांनी अर्धवट टाकलेलं ते एकमेव माप. एक किलोचं लोखंडी वजन उचललं, अडतीच्या दारातला तेलाचा रिकामा पिपा बगलेत मारला, आणि उताराला लागले. मी मागे.

वस्तीच्या पहिल्या कोपऱ्यावर ते थांबले. पिपा गळ्यापाशी धरला आणि वजनानं त्यावर मारलं. तीन ठोके, एक खंड, तीन ठोके. मग ओरडले, "पाणी आलं होऽऽ! टेकडावर चालाऽऽ!" मग पुढच्या कोपऱ्यावर. मला वाटलं होतं ते धावत धावत बडवत जातील. ते तसं करत नव्हते. प्रत्येक कोपऱ्यावर पाय रोवून उभे राहत होते, वाजवत होते, ओरडत होते, आणि मगच हलत होते. म्हणजे त्या कोपऱ्यावरच्या सगळ्या दारांना तोंड दिसावं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. कोणी शिकवू नये म्हणूनच ते डफडं विहिरीत गेलं होतं.

आमच्या दारात आत्या काठी घेऊन बाहेर आली. तिला वाटलं, वांदरं हाकलायला कोणी डबा बडवून राहिलं. "कोन हाय रे मेला, बुढीले निजू देत नाही..." आणि समोर भाऊ. गळ्याशी पिपा, हातात वजन. ती तिथेच उभी राहिली.

"बाई, चाल," बाबा म्हणाले.

"गुलब्या, तू हे वाजवून राह्यला?"

"मंग कोन वाजवन? तो भोंगा वर बाजाराकडं तोंड करून ओरडून राह्यला. चाल म्हणतो ना!"

मायनं बकऱ्या सोडल्या, मी आत्याचा हात धरला. नाल्याचं पाणी तेव्हा काठावर होतं. आम्ही टेकाडावर पोचलो तेव्हा ते आमच्या उंबऱ्याच्या आत होतं, आणि थोड्या वेळानं खिडकीपर्यंत. चाळीस घरांतली माणसं सगळी वर आली. दोन भिंती पडल्या, सात बकऱ्या गेल्या, त्यांतली एक आमची. आत्याचा जवसाचा डबा गेला. ती टेकाडावर पावसात बसून एकच वाक्य म्हणत होती, "बापानं फेकलं, यानं उचललं." शाळा समोर होती, पण मुख्याध्यापक पाच वाजले म्हणून कुलूप लावून निघाले होते. त्यांना अर्ध्या रस्त्यातून आणावं लागलं.

आठ दिवसांनी पुन्हा ग्रामसभा. या वेळी मी छत्री न घेता गेले. आबासाहेबांचं भाषण चांगलं झालं. बाबांना ते पहिल्यांदाच "गुलाबराव" म्हणाले. "यंत्र शेवटी यंत्र हाय. येनवक्तावर मानूसच कामी येते. गुलाबरावांनी आपल्या वाडवडलाची कला जतन केली. जुनं ते सोनं!" टाळ्या झाल्या. मग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली आणि कागद काढला. दारव्ह्याहून आणलेलं नवंकोरं डफडं, लाल रिबीन बांधलेलं. आणि ठराव: गावास धोक्याची सूचना देण्याची संपूर्ण जबाबदारी श्री. गुलाबराव यांच्याकडे सोपवण्यात येत आहे. मानधन चालू पावसाळ्यासाठी रुपये एकशे एक.

आमच्या वस्तीतली माणसं मागे उभी होती. भोंगा मोकळा करण्याबद्दल बाबांनी विचारलं, तेव्हा ग्रामसेवक म्हणाले, तो विषय अजेंड्यावर नाही, पुढच्या सभेत घेऊ. पुढची सभा जानेवारीत.

बाबांनी डफड्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते दोन्ही उचलून आबासाहेबांच्या अंगावर फेकतील. ते म्हणाले, "डफडं राहू द्या इथं. पैसे द्या. अन् ठरावाची नक्कल द्या, सहीशिक्क्याची."

बातमी आमच्या आधी घरी पोचली. भिंती अजून ओल्या होत्या, चूल विटांवर मांडली होती. आत्या दाराकडे पाठ करून बसली. मायनं भाकर वाढली, वरण वाढलं. ताटाच्या कडेला चिमूट नव्हती. आत्या भिंतीशी बोलावं तसं म्हणाली, "एकशे एक. बापाले तुकडे भेटे. लेकाले नोटा भेटल्या. बढती झाली." बाबांनी भाकर संपवली, पाणी प्यायले, आणि ठरावाची नक्कल दिव्याजवळ धरून पुन्हा वाचली, बोट ओळींखालून फिरवत. अडतीच्या हिशेबपट्ट्या ते तशाच वाचायचे. मला त्यांचा राग आला होता. तेव्हा मी आत्याच्या बाजूची होते.

सकाळी ते मला घेऊन रऊफभाईंच्या दुकानात गेले. एकशे एक रुपये ऐरणीवर ठेवले. "रऊफभाई, वरचं सोडवा."

रऊफभाईंनी टोपी मागे सारली. "गुलाबभाई, आबासाहेबांचं काम हाय ते. मले उद्या दुकान चालवाचं हाय का नाही?"

"वाचतो, ऐका. 'धोक्याची सूचना देण्याची संपूर्ण जबाबदारी.' संपूर्ण लिवलं हाय. खाली सही कोनाची? आबासाहेबांची. म्हंजे गावाले सांगायचं काम आता माह्यं. कशानं सांगायचं, ते मी ठरवीन. डफड्यानं नाही सांगत. त्याच्यानं सांगतो."

रऊफभाईंनी कागद उलटासुलटा पाहिला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखू येत होता. "शिक्का तर पक्का हाय," ते म्हणाले, आणि छन्नी-हातोडा उचलला.

पक्कं जोडलेलं तोडायला दुपार झाली. खाली माणसं जमली. आबासाहेब धोतर सावरत आले. "कोनाच्या परवानगीनं?" बाबांनी गच्चीवरून नक्कल खाली धरली. "तुमच्याच. एक वगळता सर्वानुमते." मागच्या ठरावातली ती ओळ ग्रामसेवकांनी याही ठरावाखाली तशीच उतरवली होती. ग्रामसेवकांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि हळूच म्हणाले, "आबासाहेब, लिहिलं तर तसंच आहे." शिपायानं मोटरीची वायर जोडली आणि बटण दाबलं. भोंगा हंबरला, चढला, आणि सावकाश फिरू लागला. बाजाराकडून पाराकडे, पाराकडून नाल्याकडे. खाली आमच्या वस्तीत माणसं दारात आली होती. कर्ण्याचं तोंड तिकडे वळलं तेव्हा मला लांबून आत्या दिसली. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि लगेच काढले.

ते डफडं पुढे त्या किल्ली नसलेल्या कपाटाच्या वर पुष्कळ वर्षं पडून होतं. भोंगाही पुष्कळ वर्षं फिरला. आता फोनवर इशारा येतो, आणि फोन ज्याच्या हातात असेल त्यालाच येतो.

त्या पावसाळ्याचा हिशेब असा. भोंगा बांधण्यासाठी ग्रामपंचायतीनं रऊफभाईंना दिले रुपये तीनशे पन्नास. दवंडीचं मानधन म्हणून ग्रामपंचायतीनं बाबांना दिले रुपये एकशे एक. भोंगा सोडवण्यासाठी बाबांनी रऊफभाईंना तेच एकशे एक दिले. त्यांनी शंभर ठेवून घेतले आणि वरचा रुपया परत केला. म्हणाले, वरचा रुपया मानाचा असतो, तो मजुरीत धरत नाहीत. बाबांनी तो रुपया घरी येऊन आत्याच्या हातावर ठेवला. तिनं तो बराच वेळ मुठीत धरला आणि पुढच्या गुरुवारी बाजारात जाऊन त्याचं जवस आणलं.